पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (जन्म : पापळ, अमरावती जिल्हा, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : दिल्ली, १० एप्रिल १९६५) हे वऱ्हाडातील समाजसुधारक, शिक्षणप्रसारक, शेतकऱ्यांचे नेते, भारताच्या संविधान सभेचे सदस्य आणि केंद्रीय मंत्री होते. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी पावले उचलली. पुढे ते मध्य प्रांत व वऱ्हाडाचे शिक्षणमंत्री झाले. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि दिल्लीतील भारत कृषक समाज या त्यांनी स्थापन केलेल्या प्रमुख संस्था होत. मूठभर शहरी सुशिक्षितांपुरते मर्यादित असलेले वऱ्हाडचे लोकप्रतिनिधित्व ग्रामीण शेतकरी समाजापर्यंत पोहोचवणाऱ्या नेत्यांमध्ये त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

बालपण व शिक्षण

पंजाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मोडते. त्यांच्या वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखीच्या वतनामुळे देशमुख हे आडनाव रूढ झाले. प्राथमिक शिक्षणाचा आरंभ गावच्या शाळेत झाला. पुढच्या इयत्तांची सोय गावात नसल्याने त्यांना चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशा वेगवेगळ्या ठिकाणी राहून शिकावे लागले. शिक्षणासाठी घर सोडावे लागणे आणि परगावी राहण्या-जेवण्याची सोय शोधणे हा त्या काळच्या खेड्यातील मुलांचा सर्वसाधारण अनुभव होता. पंजाबरावांनी पुढे शाळांइतकेच वसतिगृहांना महत्त्व दिले, त्याचा उगम या अनुभवात दिसतो.

मॅट्रिक झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. १९२० मध्ये ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. हा खर्च कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा असल्याने वडिलांनी शेती गहाण ठेवून पैसा उभा केला. एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी एम.ए. आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातून डी.फिल. ही पदवी मिळवली. बॅरिस्टरची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा प्रबंध १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वेदाध्ययनाचा अधिकार परंपरेने ज्यांना नाकारला होता त्या समाजातील एका शेतकऱ्याच्या मुलाने वैदिक धर्माचा इतिहास लिहावा, याला वऱ्हाडातील ब्राह्मणेतर चळवळीच्या दृष्टीने वेगळेच महत्त्व होते.

तत्कालीन वऱ्हाड

पंजाबराव ज्या प्रदेशात परतले त्याची राजकीय स्थिती गुंतागुंतीची होती. वऱ्हाडावर नावापुरती सत्ता हैदराबादच्या निजामाची होती. १८५३ च्या तहाने हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ च्या कराराने तो कायम पट्ट्याने त्यांच्याकडे आला आणि पुढील वर्षी कारभारासाठी मध्य प्रांताला जोडण्यात आला. अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ हे त्याचे चार जिल्हे. मध्य प्रांताच्या कायदेमंडळासाठी वऱ्हाडात निवडणूक होत असे. मात्र हा प्रदेश कायद्याने ब्रिटिश इंडियाचा भाग नसल्यामुळे निवडून आलेल्या सभासदांची नंतर सरकारकडून औपचारिक नेमणूक केली जाई.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. शिक्षण, शेती, सहकार, सार्वजनिक बांधकाम आणि स्थानिक स्वराज्य ही खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवण्यात आली. अर्थ, पोलीस आणि जमीन महसूल ही खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. मताचा अधिकार सर्वांना नव्हता. ठरावीक रकमेचा सारा किंवा कर भरणाऱ्यांनाच तो मिळे, त्यामुळे लोकसंख्येचा फार मोठा भाग मतदार यादीच्या बाहेर होता. तरीही एक बदल झाला होता. वऱ्हाडात रयतवारी पद्धत असल्याने सारा भरणारा मध्यम शेतकरी प्रथमच मतदार म्हणून यादीत आला. मतदार खेड्यातला आणि उमेदवार मात्र बहुधा शहरातला वकील, सावकार किंवा व्यापारी, असे चित्र काही काळ राहिले. १९२० च्या कायद्यांनी मध्य प्रांतात जिल्हा कौन्सिले स्थापन झाली आणि स्थानिक संस्थांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पंजाबरावांच्या राजकारणाचा आरंभ या मर्यादित अधिकारांच्या चौकटीत झाला.

समाजसुधारणा

इंग्लंडहून परतल्यावर १९२६ पासून पंजाबराव अमरावतीत वकिली करू लागले. खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. डिसेंबर १९२६ मध्ये हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव या वसतिगृहाला देण्यात आले. निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावे आणि एका पंक्तीत जेवावे, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

१९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी आंदोलन उभे राहिले. वऱ्हाडातील दलित नेते गणेश आकाजी गवई या प्रश्नावर आधीपासून झटत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या परिषदेत भाग घेतला. पंजाबराव उघडपणे सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. अंबादेवी हे वऱ्हाडातील असंख्य कुटुंबांचे कुलदैवत असल्याने हा प्रश्न केवळ विश्वस्तांपुरता नव्हता. पंजाबरावांच्या स्वतःच्या समाजातही त्याला विरोध होता. मंदिराचे दार त्या वेळी उघडले नाही. मात्र शेतकरी जातींचे संघटन करू पाहणाऱ्या तरुण नेत्याने आपल्या संभाव्य मतदारांची नाराजी पत्करून घेतलेली ही भूमिका पुढील वर्षी जिल्हा कौन्सिलच्या निर्णयांत उतरली.

त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी विवाह केला. विमलाबाई सोनार समाजातील होत्या आणि हा आंतरजातीय विवाह त्या काळी टीकेचा विषय झाला. विवाहानंतर विमलाबाईंनी आपले शिक्षण पुढे नेऊन कायद्याची पदवी घेतली. पंजाबरावांच्या निधनानंतर त्या संसदेच्या सदस्या झाल्या.

जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष

१९२७ मध्ये पंजाबरावांनी शेतकरी संघ स्थापन केला आणि त्याच्या प्रचारासाठी महाराष्ट्र केसरी हे वृत्तपत्र चालवले. सभा, वृत्तपत्र आणि गावोगावचे कार्यकर्ते यांच्या बळावर संघाने स्थानिक निवडणुकांत लक्ष घातले. १९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या वेळी त्यांचे वय तीस वर्षांच्या आत होते.

जिल्हा कौन्सिलचे अधिकार मर्यादित होते. ग्रामीण शाळा, दवाखाने, रस्ते, विहिरी आणि गुरांचे बाजार यांची व्यवस्था पाहणे हे तिचे काम. उत्पन्नाचा आधार म्हणजे साऱ्यावरील उपकर आणि सरकारी अनुदान. पूर्वी या संस्थेकडे मानाचे पद म्हणून पाहण्याची रीत होती. पंजाबरावांच्या कारकिर्दीत तिच्याकडे धोरण ठरवणारी संस्था म्हणून पाहिले जाऊ लागले. त्यांनी दोन प्रश्न हाती घेतले.

पहिला प्रश्न प्राथमिक शिक्षणाचा होता. कौन्सिलच्या क्षेत्रात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याच्या धोरणाला त्यांनी गती दिली. सक्ती लागू करणे म्हणजे शाळा, शिक्षक आणि इमारती यांवर कायमचा खर्च ओढवून घेणे होते आणि हा खर्च अखेरीस सारा भरणाऱ्या शेतकऱ्याच्याच खिशातून येणार होता. ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांनाच शाळेसाठी पैसा द्यायला राजी करणे, हे या धोरणातील खरे अवघड काम होते.

दुसरा प्रश्न पाण्याचा होता. कौन्सिलच्या पैशाने बांधलेल्या आणि दुरुस्त होणाऱ्या सार्वजनिक विहिरींवर अस्पृश्यांना पाणी भरू दिले जात नसे. पंजाबरावांनी या विहिरी सर्वांसाठी खुल्या असल्याचे धोरण कौन्सिलकडून अमलात आणले. मंदिर विश्वस्तांच्या ताब्यात होते, विहीर मात्र लोकांच्या कराची होती. त्यामुळे येथे निर्णय घेण्याचा अधिकार निर्विवादपणे लोकनियुक्त संस्थेकडे होता. प्रत्यक्ष गावात ठरावाची अंमलबजावणी सोपी नव्हती. तरीही सार्वजनिक पैशावर सर्वांचा हक्क आहे हे तत्त्व वऱ्हाडातील एका निवडून आलेल्या संस्थेने अधिकृतपणे मान्य केले.

प्रांतिक मंत्री

१९३० मध्ये पंजाबराव मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या कायदेमंडळावर निवडून आले आणि प्रांताचे मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही त्यांच्याकडील प्रमुख खाती होती.

ही निवडणूक वादाच्या वातावरणात झाली. सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू असल्याने काँग्रेसने कायदेमंडळांवर बहिष्कार घातला होता आणि तिचे अनेक कार्यकर्ते तुरुंगात होते. मध्य प्रांतात द्विदल राज्यपद्धतीला विरोध करण्याची परंपराही जुनी होती. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाने बहुमत मिळवून मंत्रिमंडळाचा कारभार अशक्य करून सोडला होता. अशा स्थितीत मंत्रिपद स्वीकारणे म्हणजे परकीय सरकारला साथ देणे होय, असे राष्ट्रीय चळवळीतील अनेकांचे मत होते. ब्राह्मणेतर चळवळीतील नेत्यांची भूमिका निराळी होती. शाळा, वसतिगृहे आणि कर्जमुक्ती यांसाठी मिळेल तो अधिकार वापरावा, स्वराज्य येईपर्यंत खेड्यातील एक पिढी निरक्षर ठेवू नये, असे त्यांना वाटे. पंजाबरावांच्या पुढील राजकीय आयुष्यात हा आक्षेप त्यांच्यावर वेळोवेळी घेतला गेला.

मंत्रिपदाच्या काळातच जागतिक मंदीमुळे कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडची शेती नगदी पिकावर उभी असल्याने सारा आणि सावकाराचे व्याज रोख द्यावे लागे. भाव पडताच जुने कर्ज फेडणे अशक्य झाले आणि जमिनी हातातून जाऊ लागल्या. या प्रश्नावर प्रांतात १९३३ मध्ये कर्ज लवाद कायदा झाला. भारतातील अशा प्रकारच्या आरंभीच्या कायद्यांत त्याची गणना होते. या कायद्यानुसार नेमलेल्या लवाद मंडळापुढे ऋणको आणि धनको दोघांनाही बोलावले जाई, हिशेब तपासले जात आणि शेतकऱ्याच्या ऐपतीप्रमाणे रक्कम कमी करून हप्ते बांधून देण्याचा प्रयत्न होई. शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न कायदेमंडळापुढे लावून धरणाऱ्यांत पंजाबराव प्रमुख होते.

१९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवस्थानांच्या उत्पन्नावर सार्वजनिक देखरेख असावी आणि शिल्लक पैसा समाजोपयोगी कामांकडे वळवावा, असा त्यामागील विचार होता. अंबादेवी सत्याग्रहात जो प्रश्न मंदिराच्या दाराशी उभा राहिला होता, तोच येथे कायद्याच्या भाषेत पुढे आला. १९३३ मध्ये पंजाबराव मंत्रिपदावरून दूर झाले.

श्री शिवाजी शिक्षण संस्था

सत्तेवर असतानाच पंजाबरावांनी सत्तेबाहेरील कामाचा पाया घातला. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. जिल्हा कौन्सिल प्राथमिक शाळा चालवू शकत असे; त्यापुढील शिक्षण मात्र शहरांत एकवटले होते. शेतकऱ्याचा मुलगा चौथीनंतर शाळा सोडतो, म्हणून तो कचेरीत, न्यायालयात आणि कायदेमंडळात दिसत नाही, हे पंजाबरावांचे निदान होते. माध्यमिक शाळा तालुक्याच्या आणि मोठ्या खेड्यांच्या ठिकाणी काढणे आणि तिच्याजवळ वसतिगृह उभारणे, हा त्यावरचा उपाय त्यांनी योजला. वर्गणी, धान्य आणि जमिनीच्या देणग्या यांतून संस्थेचा विस्तार झाला. पुढे कला, विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि वैद्यक या शाखांची महाविद्यालये संस्थेने काढली. आज ती विदर्भातील सर्वांत मोठ्या शिक्षण संस्थांपैकी एक आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील पार्श्वभूमी आणि प्रभाव

पंजाबरावांची कर्मभूमी अमरावती असली, तरी त्यांच्या चळवळीला आधार देणारी विचारपरंपरा वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला, बुलढाणा जिल्ह्यात, आधीच रुजली होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा स्त्रीपुरुष तुलना हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. महात्मा जोतीराव फुले यांचे पहिले मराठी चरित्र १९२७ मध्ये लिहिणारे पंढरीनाथ पाटील हेही याच जिल्ह्यातील चिखली परिसरातले. पंजाबरावांनी शेतकरी संघ काढला त्याच वर्षी हे चरित्र प्रसिद्ध झाले. ज्ञान आणि सत्ता यांवरील मक्तेदारी मोडण्याचा सत्यशोधक विचार आणि निवडणुकीच्या मार्गाने संस्था ताब्यात घेण्याचे राजकारण वऱ्हाडात असे एकाच सुमारास बळावले.

चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव आणि जळगाव या तत्कालीन पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यातही अर्थव्यवहार कापसाभोवती फिरत असे. खामगाव ही कापसाची नामांकित बाजारपेठ होती आणि १८७० मध्येच तिला जलंब येथून रेल्वे फाटा मिळाला होता. बाजारातील सौदे व्यापाऱ्यांच्या हाती आणि भावातील चढउतारांचा फटका मात्र शेतकऱ्याला, ही स्थिती अमरावतीप्रमाणे येथेही होती. त्यामुळे कर्ज लवाद, सहकार आणि शिक्षण हे पंजाबरावांचे कार्यक्रम या जिल्ह्यालाही लागू पडणारे होते. चिखली येथील श्री शिवाजी विज्ञान व कला महाविद्यालय हे त्यांच्या शिक्षण संस्थेचे जिल्ह्यातील महत्त्वाचे केंद्र आहे. शिवाजी महाराजांच्या मातोश्री जिजाबाई यांचे जन्मस्थान सिंदखेड राजा हेही याच जिल्ह्यात असल्याने शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेविषयी येथे विशेष आपलेपणा राहिला.

संविधान सभेतील कार्य

मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी म्हणून पंजाबराव संविधान सभेचे सदस्य झाले. ते सभेतील चर्चांत सातत्याने भाग घेणाऱ्या सदस्यांपैकी होते आणि त्यांनी अनेक दुरुस्त्या सुचवल्या.

मागासलेल्या वर्गांना शासकीय सेवांत पुरेसा वाटा मिळावा, यासाठी त्यांनी आग्रह धरला. अस्पृश्य व आदिवासी यांच्याखेरीज शेती व कारागिरी करणाऱ्या अनेक जाती शिक्षणात आणि नोकऱ्यांत मागे पडल्या आहेत आणि प्रौढ मताधिकार मिळाला तरी प्रशासनात त्यांना स्थान नसेल तर लोकशाही अपुरी राहील, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदात मागासवर्गांसाठी नियुक्त्या राखून ठेवण्याची मुभा देण्यात आली आणि तीनशे चाळिसाव्या अनुच्छेदात त्यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी आयोग नेमण्याची तरतूद झाली.

नागरिकत्वाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका वादग्रस्त ठरली. ऑगस्ट १९४९ मध्ये या विषयावर झालेल्या चर्चेत त्यांनी मसुद्यातील तरतूद फार सैल असल्याची टीका केली. दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू व शीख व्यक्तींना, त्या कोठेही राहत असल्या तरी, भारताचे नागरिकत्व मिळण्याचा हक्क असावा, अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. धर्माचा असा निकष सभेने स्वीकारला नाही. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यांची पार्श्वभूमी या सूचनेला होती; तथापि नागरिकत्वाचा आधार धर्म असावा की जन्म व निवास, हा वाद त्यांच्या भाषणांच्या संदर्भात आजही चर्चिला जातो.

मागासवर्गांची संघटना

संविधान अमलात आले त्या १९५० या वर्षी अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ स्थापन झाला आणि पंजाबराव त्याचे अध्यक्ष झाले. उत्तर व दक्षिण भारतातील मागासवर्गीय संघटनांना एकत्र आणण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. १९५३ मध्ये काका कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली पहिला मागासवर्ग आयोग नेमण्यात आला. या आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. केंद्र सरकारने मात्र त्यातील शिफारशी अमलात आणल्या नाहीत. पंजाबराव स्वतः त्या सरकारात मंत्री होते. सत्तेत राहून मागासवर्गांची मागणी पुढे रेटण्याच्या मार्गाची मर्यादा या प्रसंगात स्पष्ट झाली.

विदर्भातील शेतकरी समाजाने आपली नोंद कुणबी अशी करावी आणि शैक्षणिक सवलती मिळवाव्यात, या प्रयत्नांशीही पंजाबरावांचे नाव जोडले जाते. महाराष्ट्रात मराठा आरक्षणाची चर्चा निघाली की विदर्भाच्या संदर्भात त्यांच्या या भूमिकेचा उल्लेख होतो.

केंद्रीय मंत्री

प्रौढ मताधिकारावर झालेल्या १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबराव काँग्रेसतर्फे अमरावती भागातून लोकसभेवर निवडून आले. १९५७ आणि १९६२ मध्येही त्यांनी अमरावतीचे प्रतिनिधित्व केले. १९५२ ते १९६२ या काळात ते जवाहरलाल नेहरूंच्या सरकारात मंत्री होते. कृषी आणि सहकार हे विषय त्यांच्याकडे राहिले.

अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या काळात त्यांनी जपानी पद्धतीच्या भातशेतीचा देशभर प्रसार केला. निवडक बियाणे, वेगळी रोपवाटिका, ओळीत लागवड, वेळेवर कोळपणी आणि खतांची योग्य मात्रा ही तिची सूत्रे होती. महागड्या यंत्रांपेक्षा मशागतीच्या पद्धतीत बदल करून उत्पादन वाढवता येते, हे लहान शेतकऱ्याला दाखवून देणे हा या मोहिमेचा हेतू होता.

१९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. कामगारांना संघटना आहेत, उद्योजकांना मंडळे आहेत, शेतकऱ्याला मात्र सरकारशी बोलण्यासाठी देशपातळीवर व्यासपीठ नाही, ही उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न होता. समाजाच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबर १९५९ रोजी झालेल्या त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर उपस्थित होते. शीतयुद्धाच्या त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही देशांनी प्रदर्शनात आपापली दालने मांडली होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतील शेतकऱ्यांना परदेशी शेतीतंत्र प्रत्यक्ष पाहण्याची संधी त्यातून मिळाली.

निधन व स्मारके

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे पंजाबरावांचे निधन झाले. त्या वेळी ते लोकसभेचे सदस्य होते.

विदर्भासाठी १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले असून बुलढाण्यासह विदर्भातील सर्व जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालयही त्यांच्या नावाने ओळखले जाते. पीक कर्जाची वेळेवर परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यांना व्याजात सवलत देणारी योजना, शेतकरी व मजूर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आणि नैसर्गिक शेती मिशन या महाराष्ट्र शासनाच्या उपक्रमांना त्यांचे नाव आहे. कर्ज, वसतिगृह आणि शेतीची पद्धत हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे तीन विषय या योजनांत एकत्र आलेले दिसतात.

मूल्यमापन

मताधिकाराचा विस्तार झाल्यावर राजकारणाचे स्वरूप बदलते, हा अनुभव अनेक देशांचा आहे. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये अध्यक्ष झाले, तोवर बहुतेक राज्यांनी गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट काढून टाकली होती. सामान्य शेतकरी व कारागीर मतदार म्हणून पुढे आले आणि त्यांना संघटित करणारे पक्ष उभे राहिले. या लोकशाहीत गुलाम, स्त्रिया आणि मूळनिवासी यांना मात्र स्थान नव्हते. मूळनिवासी जमातींना त्यांच्या भूमीवरून हलवण्याचा १८३० चा कायदा जॅक्सन यांच्याच कारकिर्दीतला. नव्याने सत्तेत आलेला सामान्य माणूस आपल्यामागे उभ्या असलेल्यांसाठी दार उघडतो की लावून घेतो, हा प्रश्न अशा प्रत्येक स्थित्यंतरात उपस्थित होतो.

पंजाबरावांच्या कार्याचे मोल या प्रश्नाच्या संदर्भात ठरते. सारा भरणारा शेतकरी मतदार झाला तेव्हा त्याच्या बळावर ते निवडून आले. परंतु अधिकार हाती येताच त्यांनी सार्वजनिक विहीर मताधिकार नसलेल्या अस्पृश्यांना खुली केली आणि शाळा सर्वांच्या मुलांसाठी सक्तीची करण्याचा प्रयत्न केला. या भूमिकेमुळे वऱ्हाडातील ब्राह्मणेतर राजकारणाला केवळ जातींच्या सत्तास्पर्धेपलीकडचा अर्थ प्राप्त झाला.

त्यांच्या कार्याच्या मर्यादाही अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहेत. शेतकरी संघटनांचा आणि सहकाराचा अधिक लाभ जमीनधारकांना झाला. भूमिहीन शेतमजुराचा प्रश्न त्या तुलनेने मागे राहिला. बहिष्काराच्या काळात मंत्रिपद स्वीकारण्याविषयी आणि नागरिकत्वासंबंधीच्या दुरुस्तीविषयी मतभेद आहेत. तथापि वऱ्हाडातील खेड्यात शाळा, तालुक्यात वसतिगृह आणि निर्णय घेणाऱ्या संस्थेत शेतकऱ्याचा प्रतिनिधी असणे, या आज स्वाभाविक वाटणाऱ्या गोष्टी घडवून आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. विदर्भात २७ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस शाळा, महाविद्यालये आणि शेतकरी संस्थांमधून साजरा केला जातो.